नाओयादादाचा नियम

हिकेता
मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रिय नाओयादादा,

इकडे सकाळचा गारवा सुटला आहे. आई बरी आहे, खांदा मधूनमधून दुखतो. मी बरी आहे. तू बरा असशील असं धरून लिहिते. नववर्षाच्या शुभेच्छापत्रावर असतो तोच पत्ता अजून असेल, असंही धरते.

आधी एक दुरुस्ती. सप्टेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं, की ताकामात्सुच्या कार्डांच्या दुकानात नवशिक्यांची स्पर्धा असते, तिथे गेले आणि पहिलाच डाव जिंकले. शब्द खोटे नाहीत, पण त्यावरून तुझा जो समज झाला असेल तो खोटा आहे. त्या दिवशी नऊ जण आले होते. चार जोड्या लागल्या आणि एक जण उरली, ती मी. अशा वेळी उरलेल्याला पुढे चाल मिळते, म्हणजे न खेळता विजय. दुकानाचे होसोदाकाका फार हळू बोलतात. ते माझ्या टेबलाशी आले, "अभिनंदन" म्हणाले, माझ्या नावापुढे गोल काढला आणि बक्षिसाचं कार्ड दिलं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं. समोरची खुर्ची रिकामी होती.

गोल म्हणजे जिंकले, म्हणून मी "जिंकले" लिहिलं. पत्र पेटीत टाकल्यापासून ते मला टोचतं आहे.

बाकीच्यांचे डाव चालू असताना नुसतं बसणं वाईट दिसेल, म्हणून मी दोन्ही बाजूंचे पत्ते मांडले आणि एकटीच खेळले. एक पाळी इकडची, एक पाळी तिकडची. त्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, कारण सगळेच घरी सरावासाठी तसं करतात. मी सरावासाठी करत नव्हते. मला त्याची जुनी सवय आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

तू विचारलेलं नाहीस, तरी हे सगळं कसं सुरू झालं ते सांगते. वसंतात मी आपल्याच लढाईच्या पत्त्यांची, नवशिक्यांसाठीची तयार पेटी आणली. आपले जुने पत्ते स्पर्धेत चालत नाहीत. ते कपाटात नीट ठेवले आहेत. (नीट म्हणजे, 'पाण्याचा बगळा' या पत्त्याचा एक कोपरा दुमडलेला आहे. तो तेव्हापासूनच तसा आहे.) पेटी आणल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक पत्त्याला प्लॅस्टिकची खोळ चढवायची. मी दोन-दोन चढवत होते. आई शिलाई मशीनवरून बघत होती.

"पत्त्यांना हातमोजे घालतेस काय गं?"

"कडा खराब होतात, आई."

"आणि ते दुसरं कशाला?"

"आतून एक, बाहेरून एक."

"अस्तरसुद्धा! आमच्या कारखान्यात तुझ्याइतकं निगुतीनं कुणी शिवत नाही."

मग ती म्हणाली, "त्या दुकानात बायामाणसं असतात का?" मी म्हटलं, एक-दोन असतात. तुझं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही.

मी अजूनही कारखान्याचं काम घरीच करते. हातमोजे उलटसुलट करून तपासायचे, डाव्याला उजवा जुळवायचा. माझी शाळा तुला माहीत आहेच. आकडे आईने याच जोड्यांवर शिकवले आणि अक्षरं तू पत्त्यांवरून शिकवलीस. 'ज्वाला' आणि 'समाधी' हे शब्द मला 'आई'च्या आधी लिहिता यायचे. दुकानातले लोक विचारतात, कुठल्या शाळेत होतीस? मी म्हणते, घरीच. त्यावर ते पत्ते पिसायला लागतात.

एक गोष्ट मात्र तू शिकवली नव्हतीस. डाव सुरू करण्याआधी दोघांनी वाकून "सांभाळून घ्या" म्हणायचं असतं, आणि संपल्यावर "छान झाला डाव, आभारी आहे." आपण तुझे बूट निघायच्या आत पत्ते वाटायचो. मी ही दोन्ही वाक्यं आरशासमोर म्हणून पाहिली आहेत. पहिलं बरं जमतं.

त्यानंतर मी तीनदा गेले. एकदा पुन्हा पुढे चाल मिळाली. दोनदा संख्या सम होती, तेव्हा मी पोटात दुखतंय सांगून नुसती बघत बसले. पोट खरंच दुखत होतं, पण संख्या मोजल्यावर दुखायला लागलं होतं. येत्या रविवारी सम असो की विषम, बसणार आहे.

फोनवर लिहिलं की पाठवायच्या आधी मी सगळं खोडून टाकते, म्हणून कागद. उत्तराची घाई नाही.

तुझी,
चिहारु


हिकेता
सोमवार, १० नोव्हेंबर

प्रिय नाओयादादा,

डोंगरावरची संत्री पिवळी झाली आहेत. आईच्या खांद्याला आता शेकायचं मशीन आणलं आहे. तुझं उत्तर आलं नाही. कामात असशील. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी बसले. समोर कामेईबाई होत्या. पन्नाशीच्या आहेत, स्वतःचं केस कापायचं दुकान आहे, आणि स्वतःचे केस जांभळे.

"सांभाळून घ्या," मी म्हटलं.

"घेते की! पण पोरी, मी सांभाळत सांभाळतच मारते हं." आणि लगेच आपल्या पत्त्यांना म्हणाल्या, "चला बगळेबुवा, पेंगू नका. पाहुणी आली आहे."

त्या पूर्ण वेळ पत्त्यांशी बोलतात. पत्ता मेला की, "जा बाबा, खूप केलंस आमच्यासाठी." मला एकदा हसू आलं. आपण खेळायचो तशीच मी खेळले. हल्ला कमी आणि राखण जास्त. डाव लांबला. बाकीची टेबलं रिकामी झाली आणि माणसं आमच्याभोवती उभी राहिली. उचलायच्या पत्त्यांचा माझा कॅट संपला, तेव्हा मी टाकलेल्या पत्त्यांचा ढीग उचलला आणि पिसायला लागले.

"अगं अगं! काय चाललंय?"

"कॅट संपला."

"मग?"

"मग पिसून परत लावते."

"असं कुठं असतं? कॅट संपला की माणूस संपला!"

"असतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "माझ्या दादानं शिकवलंय."

होसोदाकाका आले, स्टूल ओढून बसले. म्हणाले, "आपल्या पाळीला उचलायला पत्ता उरला नाही, तर हार होते."

"जुन्या पत्त्यांना वेगळा नियम असेल."

"नाही हो. मी पहिल्या पेटीपासून खेळतो. तेव्हापासून हाच आहे." त्यांनी भिंतीवरचा नियमांचा तक्ताही दाखवला. वरून दुसऱ्याच ओळीत तो नियम होता. इतके रविवार मी त्या तक्त्याखाली बसत होते.

"तुझा दादा मोठा बनेल दिसतोय," कामेईबाई हसत म्हणाल्या. "धाकटीला हरवायला काढला असेल नियम."

"तो मला कधी हरवायचा नाही. कुणीच हरायचं नाही."

भोवतालच्या कुणीतरी हसू दाबलं. मी पत्ते डबीत भरले आणि दुकानाच्या जिन्याने खाली उतरले. "छान झाला डाव" म्हटलंच नाही. बाजारपेठेच्या छपराखालून चालत पार टोकाला गेले, गाडी चुकली, आणि पुढची येईपर्यंत एका उदोन शेवयांच्या दुकानात वाफेत उभी राहिले. तू चुकीचं शिकवलंस म्हणून मला राग आला होता. म्हणजे तेव्हा तरी राग तेवढ्यासाठीच आहे असं मला वाटलं.

त्यानंतर दोन रविवार गेले नाही. नियमापेक्षा ते न म्हटलेलं वाक्य मला जास्त छळत होतं. शेवटी काल गेले. स्पर्धा संपत आली होती. कामेईबाई जिन्याजवळ बसून भाजलेलं रताळं खात होत्या. मी खाली वाकले.

"त्या दिवशी मी काही न बोलता गेले. छान झाला डाव. आभारी आहे."

"एवढे दिवस हे उराशी धरून बसली होतीस? मी तर बसमध्ये बसेपर्यंत विसरलेसुद्धा." त्यांनी अर्धं रताळं माझ्या हातात दिलं. "खा. आणि तो तुझ्या दादाचा नियम दाखव मला. होसोदा हाकलून देईपर्यंत आहोतच."

आम्ही तुझ्या नियमाने खेळलो. मेलेले पत्ते परत आले, पुन्हा मेले, पुन्हा आले. कामेईबाईंची मान अवघडली.

"हे काय गं! या बगळ्याला मी तिसऱ्यांदा निरोप देतेय. याला शेवट कुठंय?"

"नाही."

"मग तुम्ही दोघं थांबायचात कधी?"

"गावातला पाचचा भोंगा वाजला की. बाबांची गाडी यायची."

त्यांनी वर पाहिलं. "वेगळे राहायचात होय?"

"दादा बाबांकडे, मी आईकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो यायचा."

"हं." त्यांनी हातातले पत्ते सारखे केले. "मग बरोबर आहे. ज्याला उठून जायचं नसतं, तोच असला नियम काढतो." आणि लगेच, "चल, तुझी पाळी."

मला हातातले पत्ते दिसेनात. "पोटात दुखतंय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. या वेळी खरंच दुखत नव्हतं.

दादा, आता जे मी सप्टेंबरपासून लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

तू यायचा थांबलास, तेव्हा मला वाटलं, तुला कंटाळा आला. तू मोठ्या शाळेत गेला होतास. आधी उशिरा यायला लागलास, मग एक महिना चुकला, मग आलाच नाहीस. त्या रविवारी मी सकाळीच तुझे आणि माझे पत्ते मांडून ठेवले होते. दुपारी तुझ्या बाजूने एक पत्ता खेळून पाहिला, म्हणजे तू आल्यावर उशीर व्हायला नको. मग माझ्या बाजूने एक. भोंग्याची धून वाजेपर्यंत मी दोन्हीकडून खेळत होते. आईला म्हटलं, "दादाला कंटाळा आला. आमचा डाव फार लांबतो." आई शिवतच म्हणाली, "असेल." तिला तरी काय माहीत होतं.

तेव्हापासून मी असं मानत आले, की माणसाला समोर बसवून ठेवणं म्हणजे त्याचा वेळ खाणं. आपल्या डावाला शेवट नव्हता, आणि तो दोष माझा होता. मी हळू खेळायचे, वाचायला वेळ लावायचे. समोर रिकामी खुर्ची असली की म्हणूनच मला हायसं वाटायचं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे आणि ते खरं आहे का, हे दोनदा वाचून पाहिलं. खरं आहे.

पण डाव लांबवणारी मी नव्हते. तो तू लांबवला होतास. मला तेव्हा ती अक्षरं येत नव्हती. तू नियमांच्या कागदावरच्या ओळीखाली बोट धरून, जसं काही तिथे लिहिलेलंच आहे अशा आवाजात वाचलंस, "कॅट संपला की पिसून परत लावावा." नंतर तूच मला ती अक्षरं शिकवलीस, तरी मी ती ओळ उघडून पाहिली नाही. तू वाचलं होतंस म्हणजे झालंच, असं होतं ते.

तू का थांबलास ते मला अजूनही माहीत नाही. बाबांनी थांबवलं असेल, शाळेचा खेळ असेल. नंतर खरंच कंटाळा आला असेल, तर तोही तुझा हक्क होता. मी हिशेब मागत नाही. तुला आधी उठून जायचं नव्हतं, एवढंच मला कळलं आहे, आणि ते कळल्यावर मला घरी बसवत नाही.

आज सकाळी आईला सांगितलं, मी दादाच्या गावी जाते.

"त्सुयामाला?" ती म्हणाली.

"हो."

"एकटी? पुलावरून?"

"हो."

तिने सुई ओवायला घेतली, दोनदा चुकली. "त्याला यायचं असतं तर तो आला असता," असं ती म्हणेल याची मी वाट पाहत होते. ती म्हणाली, "त्याच्या हाताचं माप काय असेल गं आता?" तिने बराच वेळ स्वतःचा पंजा कापडावर ठेवून पाहिला, बोटं थोडी फाकवली आणि मग दिवा लावून कापायला बसली.

मी समुद्रावरचा तो पूल कधी ओलांडलेला नाही. तुझी गाडी दर महिन्याला त्यावरून यायची. दुपारी त्सुयामाच्या स्टेशनवर उतरेन आणि बाहेरच्या बाकावर बसेन. तुझ्या दारात येणार नाही. तू बोलावलेलं नाहीस. संध्याकाळच्या गाडीने परत निघेन. तू आलास तर बरं वाटेल. नाही आलास, तर तू ज्या गावात राहतोस ते पाहून येईन. तुला काम असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. पत्ते आणत नाही. तुझ्यासमोर बसायला काही निमित्त लागू नये, असं मला वाटतं.

आडनाव वेगळं असलेली, पण तुझीच बहीण,
चिहारु

ता. क. — वर दिवस लिहायचा राहिला. तुझा गोंधळ व्हायला नको, म्हणून स्पष्ट लिहिते. मी येते आहे शनिवारी, २२ नोव्हेंबरला.