हिरवळ टाळून

धुळे, ता. २९ नोव्हेंबर १९६६

चि. भिकमचंद यास सूरजअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही रविवारी शेवटच्या एस.टी.ने सुखरूप पोचलो. सुख तेवढंच. तुझ्या हौसेखातर जळगावबाहेरच्या त्या बागेत आलो, तिथेच चुकलं. मुलगी घरात पाहायची असते. बागेत सहज भेट झाल्यासारखं दाखवू, नकार आला तरी गल्लीत बोभाटा नको, हे शहाणपण तुझंच. आता बोभाटा धुळ्यापर्यंत आला.

आमच्या थोरल्या जाऊबाई तारादेवी हिरवळीवर जाजम टाकून बसल्या होत्या. मुलाची आई ती. त्यांनी राजकुंवरला सांगितलं, की अशी सरळ गवतावरून चालत ये, चाल बघू दे. तुझी लेक ढिम्म. फराळाची ताटली घेऊन खडीच्या वाटेने अख्ख्या हिरवळीला वळसा घालून आली आणि वाटेवर उभी राहूनच तिने ताटली पुढे केली. जाऊबाई म्हणतात, पाय अधू आहे, खडीवर झाकून नेला, गवतात उघडा पडला असता. भंवरलालने आईपुढे तोंड उघडलं नाही. स्थळ मोडलं असं समज. मध्यस्थ मी, म्हणून काळं माझ्या तोंडाला.

वहिनीला सांग, पुऱ्या कच्च्या होत्या. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची तूर्त घाई नाही.

सूरज

जळगाव, ता. ४ डिसेंबर १९६६

ती. सौ. सूरजअक्कांस भिकमचंदचा शि. सा. न. वि. वि.

कच्च्या पुऱ्या कुणी डबा रिकामा होईपर्यंत खात नाही, असं हिने कळवायला सांगितलं आहे.

अक्का, तुमचं सासर वैष्णव, आपण जैन. अग्रवालांत दोन्हीकडे सोयरिकी होतात, म्हणून तर हे स्थळ पाहिलं. रविवारी चौमासी चौदस होती. जीवजंतू मरतात म्हणून राजकुंवर चौदशीला हिरव्यावर पाय ठेवत नाही. तो दिवस नको असं मी कळवलं होतं. रविवारशिवाय जमणार नाही, असा तुमच्याकडूनच निरोप आला. मी टांगेवाल्याला थांबवायला फाटकाशी गेलो होतो, ही डबे उघडत होती. तुम्ही मात्र जाजमावर जाऊबाईंना खेटून होतात. मुलीचा आज नियम आहे, एवढं म्हटलं असतंत तर जीभ झडली असती का?

पुढचं ऐका. हे जमलं नाही तर जामनेरचं स्थळ होतं. जाऊबाईंनी तिथल्या आपल्या बहिणीला अधू पायाचं कळवलं आणि काल तिकडून नकार आला. माझी धडधाकट लेक आता दोन गावांत लंगडी झाली. जामनेरला खरं कळवा, मगच संक्रांतीला माहेरी या.

लोभ उरला असेल तर तिकडेच असू द्यावा.

भिकमचंद

धुळे, ता. ७ डिसेंबर १९६६

चि. भिकमचंद यास आशीर्वाद.

कुणाचा कसला नियम, मला काय ठाऊक? सासरी जन्म काढल्यावर तुमच्या चौदशी माझ्या लक्षात राहतात होय? नियमाची मुलगी बागेत कशाला आणलीस? जामनेरला मी काही कळवणार नाही. जाऊबाईंना खोटं पाडून मला याच घरात जेवायचं आहे. माहेरचं दार लावलंस, बरं केलंस. उत्तर पाठवू नये.

सूरज

जळगाव, ता. १२ डिसेंबर १९६६

ती. सौ. सूरजआत्यांस राजकुंवरचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हांला ठाऊक नव्हतं हे बापूजींनी खरं मानलं. ते नरमले. मी नरमले नाही, म्हणून हे पत्र.

मी लहान असताना पर्युषणात तुम्ही मला आपल्या जैन स्थानकात नेलंत. साध्वींपुढे माझे हात जोडून हा नियम मला तुम्ही घ्यायला लावलात. मी एकटी घाबरले, तर माझ्या शेजारी बसून तोच नियम तुम्हीही घेतलात. घरी कुणाला हे माहीत नाही.

त्या रविवारी मी पाहत होते. जाऊबाई हिरवळीत शिरल्या, तेव्हा तुम्ही कडेला थबकलात. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि तुम्ही गवतावर पाय टाकलात. मग त्यांनी मला बोलावलं, तेव्हा तुम्ही आधी माझ्या पायांकडे पाहिलंत आणि नंतर केळं सोलायला घेतलंत.

तुमच्या सासरी माहेरच्या धर्माची थट्टा होते, हे मी समजू शकते. पण बोलला असतात तर थट्टा तुमची झाली असती. बोलला नाहीत, तर पाय माझा गेला. याचा मला फार राग आहे, आत्या, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

मला भंवरलाल नको. येत्या रविवारी आईला घेऊन धुळ्याला येते आहे. स्टँडवरून तुमच्या दारापर्यंत भर बाजारातून पायी येईन. जाऊबाईंना ओट्यावर बसवा. त्या विचारतीलच, पाय धड होता तर गवतावरून का आली नाहीस. उत्तर तुम्ही द्यायचं. दिलं नाहीत तर मी देईन, आणि त्या दिवशी नियम कुणी पाळला, कुणी मोडला, दोन्ही सांगेन.

घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार. लोभाचं तिथे आल्यावर पाहू.

राजकुंवर