गुजरात पासिंग

१२ जानेवारी, रविवार
गाडी आली. पांढरी अल्टो, जुनी पण देखणी. उच्छलहून खांडबाऱ्यापर्यंत मीच चालवत आणली, वाटेत फक्त दोनदा बंद पडली. हबीबभाईंना लकवा झाला, म्हणून त्यांनी विकली. निघताना त्यांच्या बायकोने, जाहेदाबेनने, बॉनेटवरून एकदा हात फिरवला.
उच्छल म्हणजे गुजरात. इथून घटकाभराचा रस्ता, पण कागदोपत्री परराज्य. तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला लागतो. तो त्यांनी आधीच काढून ठेवला होता, सह्याही करून दिल्या. आता मी नंदुरबारला जाऊन गाडी नावावर करून घ्यायची आणि महाराष्ट्राचा नंबर लावायचा. बस, एका दिवसाचं काम. उद्याच जाते.

१३ जानेवारी
शाळेत सगळे गाडी बघायला बाहेर आले. खिचडी शिजवणाऱ्या सुंदरबाईने नंबर पाहून विचारलं, "मॅडम, गुजरातनी शे का? तुमना भाऊ सुरतले ऱ्हास ना, त्यानीच दिधी व्हई!"
मी हसले. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
त्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ असा पाह्यजे! मन्हा भाऊ ते दिवाईले येस, आनि डबा भरी लई जास."
पोट धरून हसलो सगळे. नंदुरबार राहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार
भावाने गाडी भेट दिल्याची बातमी मुख्याध्यापकांपर्यंत गेली. शिवाजी सर म्हणाले, नशीबवान आहात. खरं तर दादाने दिलीच असती. आमचं चार वर्षं बोलणं नाही, हा विषय वेगळा.
आज लक्षात आलं की नंबर बदलला तर लोक विचारतील. सुरतची गाडी इथल्या नंबरची कशी झाली, कुणाकडून नावावर केली? लोकांना उगीच कशाला गोंधळात टाका. परीक्षा झाल्या की बघू.

१५ मार्च, शनिवार
होळीमुळे धडगावच्या जीपा टपावर माणसं घेऊन चालल्यात. आरटीओत तरी कोण सापडणार?
जाहेदाबेनचा फोन. नावावर झाली का? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. प्रोसेसमध्ये मनाची तयारीही येतेच.

२७ एप्रिल, रविवार
पुन्हा जाहेदाबेन. त्यांचं रेशन बंद झालंय. घरात चारचाकी दिसते म्हणे, हबीबभाईंच्या नावावर. बेन सांगत होती, "दुकानवाला बोला, गाडीवाले को गेहूं नहीं. मैंने बोला, घर में चार पाये तो बस खाट के हैं, और उसपे मेरा आदमी पड़ा है." आणि हसली.
तिच्या विनोदबुद्धीचं कौतुक वाटलं. हसतेय म्हणजे फार अडलेलं नसणार.
तरी उद्या नक्की.

२८ एप्रिल, सोमवार
निघाले होते. गावाबाहेर सुंदरबाई बसची वाट बघत उभी. तिला माहेरी सोडलं. तिथल्या बायकांना तिने गाडी दाखवली, मला दाखवलं, भाऊ सांगितला. चहा झाला, मग उशीर झाला. एका बाईला उन्हातून वाचवलं, हेही कामच.

१६ जून, सोमवार
शाळा उघडली. फोन वाजला, जाहेदाबेन. वर्गात होते म्हणून घेतला नाही. म्हणजे वर्गात जाणारच होते.

१८ जुलै, शुक्रवार
गेले एकदाची! खिडकीतला माणूस म्हणाला, दाखल्याची मुदत संपली, मूळ मालकाकडून पुन्हा आणा. म्हणजे अडचण मुदतीची आहे, माझी नाही.
मंगळवारी रजा टाकून उच्छलला जाते. समक्ष माफी मागायची. गहू न्यावा का? बरं दिसणार नाही. सफरचंदं नेते.

२२ जुलै, मंगळवार
आज लिहायचं नव्हतं.
चिखल होता, म्हणून गाडी अगदी त्यांच्या दारात लावली. ओट्यावर फाइल घेतलेले दोघे उभे. गाडी विकली, आमच्याकडे नाही, असा अर्ज जाहेदाबेनने दिला होता. त्याची खातरजमा करायला रेशन खात्याचे साहेब नेमके आजच आलेले.
त्यांनी फाइलमधला नंबर पाहिला, मग गाडीचा. "गाडी तो घर आगळ ज ऊभी छे ने!" म्हणाले आणि फोटो काढला. सफरचंदांची पिशवी घेतलेली मी त्या फोटोत आहे.
जाहेदाबेन म्हणाली, "साहेब, गाडी इन मॅडमने ली है. मॅडम, बोलो ना."
साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तमे कोण?"
मी म्हणाले, "पाहुणी."
वाटलं, माझं नाव लिहून घेतील, शाळेपर्यंत जाईल. उच्छलच्या फाइलमधलं नाव खांडबाऱ्याच्या शाळेत कोण वाचणार होतं, हे आता सुचतंय. तेव्हा फक्त पाहुणी सुचलं.
साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि फाइल मिटली. धावत जाऊन सांगायचं होतं. त्यांची मोटारसायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत मी पिशवी ठेवायला जागा शोधत होते.
हबीबभाई खाटेवरून सगळं ऐकत होते. त्यांनी डोळे मिटले.
जाहेदाबेन ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली. भांडी वाजली. दारात येऊन म्हणाली, "मेहमान हो ना? तो खाके जाओ."
एकच ताट आणलं. डाळभात. ती समोर बसली, पदराने माश्या वारत. तुम्ही जेवलात का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं.
मी जेवले. ताटात टाकणं बरं नाही म्हणून सगळं संपवलं.