कुहीच्या म्हातारीचं पुस्तक

गुरुजी, उद्या आपल्या वाचनालयात काचेचं कपाट येणार आहे. तुम्ही असता तर दाराशी उभे राहून हमालांवर खेकसला असता. मी मात्र सकाळपासून तीनदा हात धुतले आहेत, आणि कपाटावर लावायच्या पाटीला अजून ब्रश लावलेला नाही.

कुहीची ती म्हातारी तुम्हाला आठवत असेल. तिचा मुलगा नागपुरात शिकायला होता, आपल्याकडे येऊन वाचत बसायचा, आणि तापाने गेला. त्याचं एक पुस्तक तिने वाचनालयाला दिलं. पहिल्या पानावर तुम्ही स्वतः त्याचं नाव लिहिलंत, खाली ‘स्मरणार्थ, आईकडून’. तिला वाचता येत नाही. तरी दर पौषात, धान निघालं की ती एसटीने यायची, वाचनालयासाठी पायलीभर नवा तांदूळ आणायची आणि ते पान मागायची. पानाच्या कोपऱ्यात तिच्याच बोटाचा हळदीचा डाग होता. आधी त्या डागावर बोट ठेवायची, मग नावावरून फिरवायची.

छप्पर गळायला लागलं तेव्हा नव्या पत्र्यांसाठी तुम्ही घरोघरची रद्दी गोळा करायचं काढलंत. रविवारी मी हातगाडी घेऊन महाल भागातून फिरायचो. ज्या पुस्तकांच्या दोन प्रती होत्या, त्यांतली फाटकी प्रतही रद्दीत घालायची ठरलं. तुमचा नियम एकच होता: सुतळी बांधण्याआधी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान उघडायचं. दान म्हणून आलेलं पुस्तक कितीही फाटलं तरी विकायचं नाही. एकदा मी न उघडताच गठ्ठा बांधला, तर सगळ्यांसमोर म्हणालात, “नववी नापास हायेस, आंधळा त नाही ना गा?” तो शब्द फार लागला. दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला तुमचा टाक दिलात, माझं अक्षर थेट तुमच्या वळणाचं आहे म्हणून.

तुम्ही दवाखान्यात होतात त्या आठवड्यात रद्दी न्यायला आलेला गाडीवाला घाई करत होता, आणि शेवटचा गठ्ठा मी तसाच बांधला. म्हातारीचं पुस्तक त्यातच गेलं हे कळल्यावर रद्दीवाल्याकडे धावत गेलो. “तो माल त कालच गेला ना भाऊ,” तो म्हणाला. म्हातारीचे यायचे दिवस आले होते. दुसरी प्रत कपाटात होती. तिच्यात तुमच्या टाकाने, तुमच्या अक्षरात मी ते नाव लिहिलं. मग आमच्या स्वयंपाकघरात आईच्या डब्यातली हळद पाण्यात कालवली आणि कोपऱ्यात बोट टेकवलं.

ती येते. पान बघते. बराच वेळ बघते.

“काहून माय, काय झालं?” मी विचारतो.

“काही नाही गा. डाग लय पिवळा दिसून राहिला. डोये गेले वाटते माये,” म्हणते आणि हसते.

त्या संध्याकाळी तुम्ही खाटेवरून विचारलंत, “म्हातारी येऊन गेली? पान दाखवलं?” मी हो म्हणालो. “मग झालं,” म्हणालात आणि कुशीवर वळलात. आठवड्याने तुम्ही गेलात.

बारा वर्षं मी तिला तेच पान दाखवतो आहे. यंदा तिने दुभती म्हैस विकली आणि कपाटासाठी पैसे दिले. समितीचे लोक खूश आहेत, हारसुद्धा सांगून ठेवला आहे. जाताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “आता हे पुस्तक कोणाच्या हातात देऊ नको. काचेत ठेव. अन् तो डाग पुसू नको गा, तेवढा माया हातचा हाय.”

मी मान हलवली.

उद्या पहिल्या एसटीने ती येईल. पाटी मी आता रंगवीन, नाव तिच्याच मुलाचं आहे, त्यात खोटं काही नाही. पुस्तक मात्र माझ्या पिशवीत आहे. तुम्ही असता तर मला आधी तिच्यासमोर उभं केलं असतं, मगच कपाट उघडू दिलं असतं. आता तुम्ही मला तिच्यासमोर पाठवू शकत नाही. म्हणूनच हे तुम्हाला लिहिलं, तिला सांगितलं नाही.