पुसू?

४ नोव्हेंबर
नोकरी लागली! टिळकवाडीतल्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी माझं स्वतःचं टेबल आहे. आमच्या उचगावच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली; पण हे काम काय ते आप्पांना समजावताना माझी दमछाक झाली. साईराज सर कंप्युटरवर एक कविता तयार करतायत. ती एकदाच दाखवली जाईल आणि दाखवता दाखवता स्वतःला पुसून टाकेल. उरेल ती फक्त तिच्या घडणीची हकिगत, आणि ती राखायची मी. मसुदे, फोटो, आवाज, टिपणं, सगळं. आप्पा म्हणाले, “मोडायचीच हाय तर करायची कशाला गं?” सर हे ऐकून खूप हसले आणि म्हणाले, हेही नोंदवून ठेव.
मला मात्र हे फार मोठं काम वाटतं. आमच्याकडच्या बायकांचं बोलणं कुठल्या पुस्तकात आलंय? इथे ते कवितेत येणार आहे.

६ नोव्हेंबर
कविता कशी घडते ते आज पाहिलं. माणसानं माइकसमोर बसून मनातलं बोलायचं. कविता त्यातले शब्द उचलून एक ओळ जुळवते, ती पडद्यावर येते आणि त्याच माणसाच्या आवाजात ऐकू येते. मग ती यंत्राच्या सपाट आवाजात विचारते, “पुसू?” हो म्हटलं की ओळीतली अक्षरं एकेक करून घासल्यासारखी नाहीशी होतात.
पहिल्या बसल्या बायाक्का. बंगल्यात स्वयंपाकाला येतात, वडगावच्या विणकर घरातल्या. सुताला खळ कशी द्यायची ते त्यांनी रंगून सांगितलं. कवितेनं “पुसू?” म्हणताच त्या पदर सावरून म्हणाल्या, “पूस की गं बाई, लाजतीस कशाला? किती पोरं, त्येच पुसणार न्हवं?” आणि प्रश्नाची वाट बघत बसल्या; तिकडे पडद्यावरची ओळ पुसली गेली.
सर पुण्यात वाढलेले, त्यांना कळेना. आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणंही, हे मी सांगितलं. शब्द बदलून “खोडू?” करू का, असं सरांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. त्यानं माणसं मोकळी बोलतात.

११ नोव्हेंबर
कीबोर्डवर करड्या, ओलसर वळ्या पडल्या होत्या. आंघोळीत मान घासली की निघतात तशा. खोडरबराचा चुरा म्हणावा तर इथे पेन्सिल कोणीच वापरत नाही. एक चिमटीत धरली. मऊ होती आणि तिला झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडासारखा वास होता. हात साबणानं धुतले तरी वास जाईना.
आई रताळी घेऊन आली होती, तिलाही बसवलं. शेताच्या बांधावरून ती मला कशी हाक मारायची ते तिनं सांगितलं, हाक मारूनही दाखवली. “पुसू?” ऐकल्यावर कचेरीत बसल्यासारखी ताठ झाली. “पुसा सायेब, काय पुसायचं त्ये पुसा.” आम्ही सगळे हसलो. मी फोटो काढला.

१५ नोव्हेंबर
बायाक्कांना शब्द सापडत नाहीत. ताटातली खीर दाखवून “त्ये... सुताला लावत्यात तसलं” म्हणाल्या. जन्मभर खळीत हात बुडवलेल्या बाईला ‘खळ’ आठवेना. बोलता बोलता त्या पदरानं ओठ घासत होत्या. ओठावरून एक वळी सुटली आणि आमटीत पडली.
मी अर्धी वाटी आधीच खाल्ली होती.

१८ नोव्हेंबर
बायाक्कांचे ओठ कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतो ते नीट दिसत नाही. जखम नाही, रक्त नाही. कातडी नुसती सपाट होत चाललीय, भिजल्या साबणासारखी.
मी सरांना सांगितलं, हे थांबवा. ते म्हणाले, राखणाऱ्यानं मध्ये पडायचं नसतं. कीबोर्डवरच्या वळ्या ते ब्रशनं काचेच्या बरणीत गोळा करतात. अभिलेखासाठी! बरणीवर लेबल मी लावायचं म्हणे. बरणीला आतून घाम सुटलाय. बेसिनपर्यंतही पोचले नाही, जिन्यातच ओकले.
घरी फोन केला. आईनं “कोण?” विचारलं. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, कुणाची गं तू?

२१ नोव्हेंबर
उचगाव. आईचा चेहरा ओल्या तळव्यानं पुसलेल्या पाटीसारखा झालाय. भुवया गेल्यात. ओठांच्या जागी एक चीर आहे, तिच्यातून हुं-हुं येतं. खांद्यावर, मांडीवर, भाकरीवर वळ्या. अंगणात कोंबड्या त्या टिपून खातायत. आप्पा म्हणाले, “गजकर्ण हाय, मलम लावतोय न्हवं.” त्यांच्या बोटांनाही ते चिकटलंय.
कवितेतली ओळ गेली, पण आई बसली होती त्या दिवसाचा पूर्ण आवाज माझ्या अभिलेखात आहे. तो तिला ऐकवला तर? उद्या तिला टिळकवाडीला नेते.

२२ नोव्हेंबर
चाललं! स्वतःची हाक ऐकताना आईच्या ओठाची कड उमटली. भुवईची एक रेघ आली. मी रडले, तिला कुरवाळलं, आणि हात लगेच फडक्यानं पुसला. माझ्याच आईला हात लावून—
पण आवाज संपला की कविता विचारते, “पुसू?” आता आईच्याच आवाजात. नाही म्हटलं की पुन्हा विचारते. यंत्र बंद करावं तर आईचा आवाज त्यातच आहे, दुसरीकडे उतरवू गेले तर नुसती खरखर येते. कोणी हो म्हणेपर्यंत ती काही करत नाही. म्हणजे कोणी हो म्हणता कामा नये, एवढंच. सर कविता दाखवायच्या सभागृहाच्या तयारीला गेलेत. बायाक्कांना हो म्हणायला तोंडच उरलेलं नाही.

२३ नोव्हेंबर
सकाळपासून ऐकवतेय. नाक आलं. डावा डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं. “करि—” म्हणाली. तोंडात वळ्यांचा लगदा भरलाय, मी बोटानं काढतेय, संपतच नाही— आणखी एकदा ऐकवलं की माझं पुरं नाव—
विचारतेय. मी न्हाय म्हणते. परत विचारतेय.
जिन्यात पाय वाजले. आप्पा. आईला बघायला आले. दाराबाहेरूनच तिच्या आवाजातलं “पुसू?” ऐकलं, इतक्या दिवसांनी— मी धावले, त्यांच्या तोंडावर हात ठेवायला—
“पूस की गं! दिसभर पूस, मी बसतोय न्हवं!”

आत्ताच
लिहून ठेवते, लगेच. खुर्चीत कोणी बसलंय. लुगडं आहे. वर गुळगुळीत, ओलं. खाली वळ्यांचा ढीग, आप्पांच्या चपलेखाली चिकटलेला.
आप्पा हळूच कानात विचारतायत, ही बाई कुठल्या गावची, कुणाची.
सांगते. मला माहीत आहे. माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. आप्पा, ही माझी