शेडमधला एबिसू आणि माझी इतर चीजवस्तू

मी, हामासाकी तोमिजिरो, वय वर्षे एकाहत्तर, राहणार कागेउरा खाडी, हिरोशिमा प्रांत, हे पूर्ण शुद्धीवर राहून स्वहस्ते लिहीत आहे. अक्षर थरथरते ते भीतीने. त्यावरून माझी बुद्धी चळली असे कोणी ठरवू नये.

१. राहते घर व त्याला लागून असलेली, शिंपल्यांतली कालवे फोडायची शेड माझी मुलगी सुए हिला. अट एकच: शेडमधला देव आधी बाहेर गेला पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी जावई कात्सुमी याच्या जाळ्यात तळाचे एक लोखंडी नळकांडे आले. समुद्राने दिलेली वस्तू म्हणजे एबिसू, आम्हा कोळ्यांचा देव. दगड आला तरी आम्ही तो पुजतो. कात्सुमीने ते फळीवर बसवले, भाताच्या पेंढ्याचा दोर बांधला, साके हे तांदळाचे मद्य ठेवले, मेणबत्ती लावली. त्या हंगामात कालवे उदंड आली. झाले!

मी ते पाहिले आणि लगेच ओळखले. लढाईच्या शेवटच्या वर्षी याच खाडीच्या टोकाला आरमाराचे प्रयोग चालत. पाणबुडीवर टाकायच्या बॉम्बच्या शेपटीला अग्निबाण जोडायचा, म्हणजे तो जहाजापुढे दूर उडून तिच्या डोक्यावर पडेल, अशी कल्पना. नळ्यांत दारूच्या कांड्या भरून तोंडे मेणाने बंद करणे हे माझे काम. काही उडाले. काही न पेटताच बुडाले. एक मात्र हवेत वळला आणि आमच्याकडे परत आला. आमच्यातला शिमोदे तेव्हा चहा ओतत होता. आम्हाला फक्त किटली सापडली.

त्या क्षणी मी शाळेत पाठ केलेली, वाळूवर पावले उमटवणाऱ्या पाखरांची कविता मनात म्हणत होतो. तिचे शेवटचे कडवे त्यानंतर मला कधी आठवले नाही.

२. ती कविता असलेले शाळेचे पुस्तक नात मिदोरी हिला. देवाला पुसायचे काम तिच्याकडे असते.

"आजोबा, देवाला घाम आलाय!"

"कष्टाळू देव आहे," कात्सुमी म्हणाला, "बसून कविता म्हणत नाही."

सांध्यातून पाझरते तो घाम नव्हे. जुनी दारू अशी पाझरू लागली की तिला साधा धक्काही पुरतो, हे आम्हाला तेव्हाच बजावले होते. मी घरात सांगून पाहिले.

"बाबा, तीस वर्षं खाऱ्या पाण्यात होतं. फुसकं असणार," सुए म्हणाली.

"मेण मी लावलंय. माझं काम कधी गळत नाही."

"आत्ताच तर गळतंय म्हणालात!"

सगळे हसले. पोलिसात जातो म्हटल्यावर मात्र सुएने मला तिच्या आईच्या स्मृतिफलकापुढे बसवले. "बाबा, शपथ घ्या. याबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही. देव गेला तर धंदा गेला, आणि मग ह्यांना कोण आवरणार?" मी शपथ घेतली. आजवर एक शब्द बोललो नाही.

३. पोस्टातली बचत सुएलाच. मेण ओतायची पितळी पळी माझा तेव्हाचा सोबती ओकिता कानेगोरो याला. त्याने माझा बांबूचा गळ मोडला, ते मी माफ केलेले नाही.

४. माझ्या प्रेताशेजारी मेणबत्ती, उदबत्ती काहीही जळू नये. प्रेत ठेवतील त्या खोलीत आणि देवात एका फळीच्या भिंतीचे अंतर आहे. मला अंधारात ठेवा. अंधाराला मी भीत नाही.

५. नव्या वर्षाचा दोर बांधण्यापूर्वी कात्सुमी देवाला खाली उतरवतो आणि मिदोरी त्याला मांडीवर घेऊन खसखसून घासते. नवे वर्ष तोंडावर आले आहे. मृत्युपत्र उघडतात माणूस गेल्यावर, आणि तोवर थांबणे मला शक्य नाही. पण साक्षीदाराला सही करण्याआधी मजकूर वाचावा लागतो. म्हणून मी दुसरे साक्षीदार म्हणून पोलीस चौकीतले हवालदार कुमागाई यांना बोलावले आहे.

कुमागाईसाहेब, इथवर वाचलेत ना?

कागेउरा, शोवा ५१ (इ.स. १९७६), डिसेंबर २८
हामासाकी तोमिजिरो (शिक्का)

साक्षीदार पहिला: ओकिता कानेगोरो. नळकांडे मीही ओळखले. गळ वाऱ्याने मोडला.

साक्षीदार दुसरा: वाचले. सही मागाहून करतो. आधी सुएताईंना आणि मुलीला घराबाहेर काढतो.