भांड्यांच्या यंत्राला नजर सोसत नाही

पिंपळगाव राजा,
ता. ४ जानेवारी १९६८

रा. रा. महादेवराव यांना पिंपळगावहून हिंमतरावाचा, कंबर साथ देईल तितका वाकून, नमस्कार.

मुंबईच्या दमट हवेत तुमच्या गुडघ्याचं कसं काय चाललं आहे? वहिनीसाहेबांचा खोकला गेला का? मुलांच्या परीक्षा कशा झाल्या? (उत्तर सवडीने द्या, पण द्या. मागच्या पत्राला तुम्ही उत्तराऐवजी रेल्वेचं पार्सल पाठवलंत आणि त्यातूनच हे सगळं उद्भवलं.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमची बहीण बरी आहे, आई बरी आहे, म्हैस आटली आहे, आणि माझ्या जिवाला घोर लागला आहे. घोर कसला ते सांगायलाच बसलो आहे. सहकारी सोसायटीच्या कचेरीत आज गर्दी नाही आणि दौतीत शाई भरपूर आहे.

कौशल्येच्या हातांचं तुम्हाला ठाऊकच आहे. पावसाळ्यापासून तिच्या दोन्ही तळव्यांना अशा भेगा पडल्या होत्या की भाकरी थापताना पिठाला लाल डाग लागायचा. खामगावच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि पाणी, राख, माती यांना हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. (डॉक्टरांचं काय जातं सांगायला! आपल्याकडच्या बाईच्या कामातून पाणी, राख आणि माती काढली तर उरतं काय?) भाकरी आई थापू लागली, धुणं धोब्याकडे गेलं, पण भांड्यांचं काय करावं ते सुचेना. कापूस वेचणीचे दिवस, गावात कामाला बाई मिळायची नाही. हे मी तुम्हाला सहज कळवलं, रडगाणं म्हणून नव्हे. तर तुमच्या कंपनीतला विलायती साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या घरातलं भांडी धुवायचं जुनं यंत्र तुम्ही उचललंत आणि थेट खामगाव स्टेशनावर धाडलंत. बहिणीवरची माया म्हणतात ती ही. माझे डोळे भरून आले होते, हे आधी नमूद करतो, म्हणजे पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायचा नाही.

खामगावहून यंत्र बैलगाडीतून आलं. पांढरं, कमरेइतकं उंच, खाली चाकं, वर झाकण, एका अंगाने वायर आणि दुसऱ्या अंगाने रबराची नळी. गाडी वेशीत शिरेपर्यंत गावभर झालं की सेक्रेटरीने घरात तिजोरी आणली. (सोसायटीचा सेक्रेटरी पडलो मी. लोकांच्या मनात भलतंसलतं यायला कितीसा वेळ लागतो!) शेवटी ओसरीवर झाकण उघडून आतली तारेची जाळी सगळ्यांना दाखवली तेव्हा कुठे माणसं पांगली. जाता जाता आमचे शेजारी पुंजाजी म्हणालेच, ‘सेक्रेटरीसायेब, कोंबड्या ठेवाले बेस आहे.’

सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही कृती लिहिली होती. भांडी जाळीत पालथी लावा, गरम पाणी ओता, साबणाची पूड घाला, झाकण लावून बटण दाबा; बुडाशी पंखा आहे, तो पाणी उडवतो. कृती सोपी होती. फक्त साहेबाची भांडी चुलीवर चढत नाहीत, एवढं लिहायचं तुम्ही विसरलात. आपल्याकडे पातेलं चुलीवर ठेवण्याआधी त्याच्या बुडाला माती-राखेचा लेप देतात, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि घासताना सगळं एकदम निघून येतं. तुम्हाला हे माहीत नसणार, कारण तुमच्या मातोश्रींनी ते मुलीला शिकवलं, मुलाला नाही. त्या दिवशी कौशल्येने वरणाचं पातेलं, कढई, दुधाचं भगुणं, सगळं लेपासकट जाळीत पालथं घातलं, आणि मीही घालू दिलं. यंत्र धुणारंच आहे तर लेपही धुऊन काढील, असा माझा सरळ हिशेब. बटण दाबलं, घरघर सुरू झाली, आतून धो धो आवाज आला, आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. (लग्नानंतर इतके मोकळे हसल्याचं मला आठवत नाही.) मग झाकण उघडलं. ताटं, वाट्या, तांबे, गडवे, एकूण एक भांड्यावर आतूनबाहेरून चिखलाचा एकसारखा हात बसला होता. आई काठी टेकत आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘अगा माय! याले भांडे काऊन देता, ओसरी सारवाले लावा याले.’

मी यंत्र आडवं करून काडीने चिखल कोरून काढला. तुम्हाला सांगतो महादेवराव, त्या दिवसापासून आमच्या घरात एकही भांडं मळकं राहिलेलं नाही. हे मी छातीवर हात ठेवून लिहितो आहे.

आईचं मात्र निराळंच निघालं. तिचं म्हणणं असं, की त्या डब्यात तेच ते पाणी फिरतं आणि पहिल्या वाटीचं खरकटं शेवटच्या ताटाला जाऊन लागतं. ‘खरकट्या पान्यानं खरकटं धुऊन राह्यले तुम्ही,’ असं म्हणाली आणि जेवायची बंदच झाली. शेंगदाणे आणि गुळाचा खडा पदरात घेऊन कोपऱ्यात बसायची. म्हातारं माणूस, त्यात हट्टी, आणि त्यात तिचं म्हणणं अगदीच चूकही नाही. अखेर तिचं ताट, वाटी आणि तांब्या वेगळे ठेवून राखेने घासायचं ठरलं. कौशल्येला तर राख वर्ज्य. मग घासणार कोण, असं तुम्ही विचाराल. ती व्यवस्था झाली आहे, खोलात जायचं कारण नाही.

पण तुमच्या बहिणीला त्या यंत्राचा आनंद किती म्हणून सांगू! जेवणं उरकली की मी आत भांडी लावतो आणि ती हातांना मलम फासून, फडकं बांधून ओसरीवर पाय लांब करून बसते. आत घरघर सुरू झाली की डोळे मिटते. जेवण झाल्यावर बसलेली बाई या घरात मी पाहिलीच नव्हती, ना आई, ना ही. आता ती पुंजाजींच्या बायकोशी, जनकाबाईशी गप्पा मारते, सुपारी चघळते, परवा तर चक्क गुणगुणत होती. हात भरत आले असावेत असं मला वाटतं, पण फडकं सोडून बघू म्हटलं की ‘अजून झोंबते’ म्हणते, म्हणून मी आग्रह करत नाही. ते गुणगुणणं ऐकलं आणि वाटलं, यंत्राचं काय व्हायचं ते होवो, हे बंद पडता कामा नये.

आनंद घरात राहिला असता तर बरं होतं. तो गल्लीत गेला. बायका यंत्र बघायला येऊ लागल्या. मी नियम केला, की यंत्र चालू असताना स्वयंपाकघराचं दार आतून बंद राहील आणि आत माझ्याशिवाय कोणी थांबायचं नाही. विजेचं काम आहे, शिवाय विलायती यंत्र आहे, त्याला माणसांची नजर सोसत नाही, पंखा बिचकतो. सोसायटीचा सेक्रेटरी खोटं कशाला बोलेल, म्हणून बऱ्याच जणींनी ते मानलं. फक्त जनकाबाईंनी विचारलं, ‘काऊन हो, यंत्राले लाज वाटते काय?’ त्यावर माझ्याआधी कौशल्याच म्हणाली, की आमचं यंत्र तांब्याचा गळासुद्धा आतून घासते. तिचा तो अभिमान पाहून मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी जनकाबाईंनी पाहुण्यांच्या जेवणावळीतल्या पितळी पराती आणून ठेवल्या. नाही म्हणता येईना. त्या दिवशी यंत्राला फार उशीर लागला आणि माझी कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. (यंत्र ढकलताना, असं मी घरात सांगितलं.)

आणि आता कळस ऐका. आमच्याकडे बेबीताई नावाच्या ग्रामसेविका आहेत, फार उत्साही बाई. धूर न होणारी चूल, मुलांना लस टोचणं, सगळ्याचं प्रात्यक्षिक करून दाखवतात. त्यांनी सुचवलं, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावच्या झाडून सगळ्या बायकांसमोर यंत्र चालवून दाखवावं, ओसरीवर, उघड्यावर. कौशल्या मला न विचारता हो म्हणाली. मी म्हटलं, अगं, नजर! तर म्हणे, एखाद दिवस सोसेल. तेव्हापासून माझ्या तोंडाला चव नाही. भाकरी खातो की पुठ्ठा ते कळत नाही. सोसायटीत खताच्या पोत्यांच्या जागी ‘वाट्या’ असं लिहून बसलो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? ऐका. त्या दिवशी यंत्राने दगा दिला तर लोक हसतील, हसोत. सेक्रेटरीची अब्रू जाईल, तीही गेली तर गेली, तशी फार मोठी नव्हती. पण तुमची बहीण त्याच संध्याकाळी पदर खोचून मोरीवर बसेल, ‘राहू द्या, मी करते’ म्हणेल आणि राखेत हात घालेल. पुन्हा त्या भेगा, पुन्हा पिठाला तो डाग. मला ते बघवायचं नाही, महादेवराव. ती ओसरीवर बसलेली असते तेव्हा मला फार बरं वाटतं. हे तिला तोंडाने सांगणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

बाकी भेटीअंती. वहिनीसाहेबांना माझा आदर सांगा, मुलांच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरवा, आणि यापुढे पार्सल पाठवण्याआधी एक कार्ड टाकत जा.

तुमचा,
हिंमतराव

ता. क. – वरच्या पत्रात एकही वाक्य खोटं नाही, पण एक वाक्य लिहायचं राहून गेलं. यंत्र भांडी धूत नाही. चिखलाच्या त्या पहिल्याच दिवशी लेपातल्या मातीचे गोटे बुडाशी अडकून पंखा मोडला. मोटार फिरते, आवाज झकास करते, पाणी मात्र जागचं हलत नाही. भांडी मी घासतो. दार लावून, यंत्र रिकामंच चालू करून, त्याच्या घरघरीखाली मी उकिडवा बसून राखेने घासतो. (तांब्याचा गळा फार अवघड असतो. तुम्ही कधी घासला आहे का?)

दुसरा ता. क. – तरी हात जोडून विनंती, की संक्रांतीच्या आत नवा पंखा देऊन एखादा मिस्त्री धाडा. ते न जमल्यास ‘साहेबाने यंत्र परत मागितले’ अशी तार करा. आजारपणाची तार करू नका, कौशल्या घाबरेल. तिला यातलं अवाक्षर कळता कामा नये. पाकीट तिच्याकडेच चिकटवायला देतो आहे, भाताच्या शितांनी ती फार नीट चिकटवते. दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही.

(खाली शिसपेन्सिलीने)

दादाले कौशल्याचा नमस्कार. सवय नाही हे खरं आहे, पन पानभर माह्याच हाताइबद्दल लिवलं होतं, मंग काऊन नाही वाचू?

मले पयल्या दिवसापासून मालूम आहे. यंत्र केवढंही घरघर करो, राखेनं भांडं घासाचा आवाज लपते काय? जलमभर तोच आयकला मी. जनकाबाईले मालूम आहे, बेबीताईले बी मालूम आहे, मांगच्या खिडकीतून साऱ्याइनं पाह्यलं. हासलं कोनी नाही. जनकाबाई तं घरी जाऊन पुंजाजीसंग भांडली. सासूबाई बी उगाच नाही जेवाले लागल्या, म्हनतात पोराच्या हातचं ताट लख्ख निघते.

माहे हात कवाचेच बरे झाले. फडकं मीच बांधून ठेवते. सोडलं तं ते भांड्यावरून उठतील. हळदीकुंकवाचं बेबीताईचं डोकं होतं, चारचौघीत त्याइच्या तोंडून कबूल करून घ्याचं म्हने. मी हो म्हटलं, मले बी गंमत वाटली. आता हे वाचून कसंतरीच झालं. बेबीताईले आजच सांगते, का आमच्या यंत्राले खरंच नजर सोसत नाही.

दादा, त्याइनं घासलेल्या ताटात जेवतानी मले कसं वाटते ते तुले सांगून समजाचं नाही. तू मिस्त्री धाडजो नोको. तार बी करजो नोको, तुले माही आन आहे. त्याइले संक्रांतीचं भेव आहे. मले एकच भेव आहे, का ते यंत्र एखाद्या दिवशी आपल्या आपन खरंच भांडे धुवाले लागन.