आई, तू कादंबरी ऐकली होतीस

प्रिय आई,

तुला जाऊन आठ महिने झाले आणि आज पहिल्यांदा तुला लिहितेय. काल वडनेरला आपलं घर झाडायला गेले होते. शेजारच्या विमलकाकू चहा घेऊन आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, तुझं पुस्तक तुझ्या आईनं अख्खं ऐकलं होतं. माझ्या हातातला झाडू तसाच राहिला.

तीन वर्षं मी ती कादंबरी तुझ्यापासून लपवली. तू वर्ध्याला माझ्याकडे यायचीस तेव्हा प्रती गादीखाली जायच्या. तू विचारायचीस, काय लिहून राह्यली? मी म्हणायचे, शाळेचं काम, मुलांच्या वह्या.

का लपवत होते, हे तुला सांगायला हवं का? एका तेरा वर्षांच्या मुलीची ती गोष्ट. तिला वाटतं, बाबा हिंगणघाटच्या मिलमध्ये आहेत, सुट्टी मिळत नाही म्हणून महिन्यातून एकदाच येतात. मग शाळेच्या कबड्डीच्या सामन्यांना ती हिंगणघाटला जाते आणि बाजारात तिला बाबा दिसतात. सोबत एक बाई, खांद्यावर एक लहान मुलगी. ती मुलगी त्यांना बाबा म्हणते. एवढंच. त्या संध्याकाळी हिचं लहानपण संपतं.

यातलं मी काहीच रचलं नव्हतं, हे तुझ्याएवढं कोणाला ठाऊक? घरी येऊन सांगितलं तेव्हा तू भाकर थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "मले मालूम हाय. हातपाय धू, जेव." तेवढ्यावरून मी तुला पुस्तकात भित्री केली, खोटारडी केली. नाव बदललं, पण तुझ्या कपाळावरचं गोंदण तसंच ठेवलं. तू गेलीस तेव्हा रडता रडता मनात आलं, बरं झालं, हिला कळलं नाही. त्या विचाराची मला आजवर लाज वाटत होती.

आणि तुला तर सगळं माहीत होतं! काकूंच्या मुलीने प्रत आणली होती. काकूंच्या ओसरीवर तुरीची डाळ निवडत, रोज दुपारी काकू वाचायच्या तसं थोडं थोडं तू ऐकलंस. भाकरीच्या पानाशी काकूंनी पुस्तक मिटलं. तेव्हा तूच म्हणालीस, "वाच. खरंच हाय ते. तेरा वर्सं पोरीले सुखानं खेळू देलं मी. आनखी काय पाह्यजे होतं?"

रागावली नव्हती का ती, असं मी काकूंना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही म्हणाल्या.

फक्त शेवट तुला पटला नाही म्हणे. कादंबरीतली मुलगी वर्ध्याच्या वसतिगृहात राहायला निघते, ती एसटीच्या खिडकीशी रडत, मागे वळूनही न बघता. तू काकूंना थांबवलंस. "रडली नाई ते. आमी दोघी हासत गेलतो."

खरंच, आई. मीच ते गाळलं. हिंगणघाटच्या वळणावर डब्याचं झाकण उडालं आणि तुझे मुरमुऱ्याचे लाडू एसटीभर घरंगळले. सगळी गाडी बाकाखाली वाकली. मागच्या एका म्हाताऱ्याने एक खाऊनच टाकला आणि वर सांगितलं, गूळ जरा कमी झाला. आपलं हसू वर्ध्यापर्यंत थांबेना. बाबांना तसं पाहिल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या गाडीत. पण लिहिताना वाटलं, मोठं होण्याची गोष्ट दुःखात संपली तरच खोल वाटते, शेवटी लाडू कसे शोभतील? चौथी शिकलेल्या तुला माझ्यापेक्षा जास्त कळलं.

पण मला का नाही सांगितलंस गं? काकूंनाही बजावलंस, "तिले नोको सांगू. उगाच ते जीवाले लावून घेईन." तेवढा एक राग राहू दे माझा. बाकी काल परतीच्या गाडीत इतकं हलकं वाटत होतं, की कंडक्टरने दोनदा हाक मारली तेव्हा तिकीट काढलं.

आता एक शब्द देते. यापुढे जे लिहीन, ते छापायला जाण्याआधी विमलकाकूंच्या ओसरीवर बसून मोठ्याने वाचीन. ज्यांचं आहे त्यांच्या कानावर आधी जाऊ दे, चुकलं तिथे त्यांनी अडवू दे. काकूंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "पाटीभर डाळ पडून हाय, लवकर येजो."

तुझी,
सुमन